खडपात पाऊल पडू दे, सिमेंट नको

कोकणातल्या एखाद्या सुन्या किनाऱ्याचा व्हिडिओ फिरायला लागला, की आठवडाभरात दोन फळ्या पडतात. काळ्याभोर कातळावर फुटणारी लाट, खळग्यांत साचलेलं हिरवट पाणी, लांबवर एकही टपरी नाही. पहिली फळी म्हणते, जागेचं नाव कुणाला सांगू नका, माणसं आली की वाट लागलीच. दुसरी म्हणते, मुंबई-पुण्यात बसून आमच्या गावाला आहे तिथंच ठेवायचा अधिकार तुम्हाला दिला कुणी? रस्ता होऊ दे, वाहनतळ होऊ दे, खाली उतरायला पायऱ्या होऊ देत, गावातल्या चार पोरांच्या हाताला काम मिळू दे. दोन्हीकडची पोटतिडीक खरी आहे. पण दोघंही एक गोष्ट गृहीत धरून भांडतात, आणि तीच चुकीची आहे. हा किनारा 'अस्पर्श' आहे, असं दोघांनाही वाटतं. एकाला तो कुलपात ठेवायचा आहे, दुसऱ्याला ते कुलूप काढायचं आहे. तिथे कुलूप कधी नव्हतंच, हे कुणी बोलत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगते. कोकणातले कातळी किनारे माणसांपासून तोडून वाचणार नाहीत. तिथे माणसानं जावं, चालत जावं, ओहोटीला जावं. कधी, किती जणांनी आणि कुठपर्यंत जावं, हे त्या खडपांत, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या कातळांत, पिढ्यान्‌पिढ्या वावरलेल्या गावकऱ्यांनी, त्यातही बायकांनी, ठरवावं. मात्र गाडीरस्ता, काँक्रीटचा ओटा, खाण्याच्या टपऱ्या हे सगळं मागे, गावातच थांबलं पाहिजे. पाऊल आणि सिमेंट यांना आपण 'पर्यटन' या एकाच शब्दात बांधलं आहे. ती गाठ सोडवल्याशिवाय या वादातून काही हाती लागणार नाही.

आधी हा दगड काय आहे ते बघू. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे भेगांमधून लाव्हा वाहिला, थरांवर थर साचले. झिजून झिजून आज उरलेला पसाराच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरचा आहे आणि सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. घाटावर हे थर आडवे दिसतात. खाली कोकणात, पनवेलच्या पट्ट्यात, ते पश्चिमेला समुद्राकडे कलतात. म्हणजे रायगडच्या किनाऱ्यावर आपण उभे असतो तेव्हा घाटमाथ्याच्याच दगडाच्या कललेल्या टोकावर उभे असतो. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर गणेशगल्लीच्या फटीतून खाली उतरलं की समोर लाटांनी तासलेला कातळाचा सपाट ओटा दिसतो, आणि बाजूच्या भिंतीवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकंच भोकं. खारं पाणी दगडाच्या बारीक रंध्रांत शिरतं, वाळतं, मिठाचे कण फुगतात आणि दगड कणाकणानं सुटतो. मुरुडसमोरच्या पद्मदुर्गावर हेच काम तटाच्या चिऱ्यांवर झालेलं आहे. तिथे दगड खोलवर झिजले आणि दोन दगडांमधला चुना तेवढा चौकटीसारखा पुढे आला. शिवाजी महाराजांच्या काळातल्या त्या तटाला हात लावून पाहिला, तर हा काळा दगड सोसणारा असला तरी अमर नाही, हे बोटांना कळतं.

आणि हा दगड रिकामा तर अजिबात नाही. माझं आजोळ श्रीवर्धन तालुक्यात. गावाचं नाव मी लिहीत नाही; का, ते पुढे सांगते. शेजारच्या काकी सत्तरीच्या आहेत आणि अजून कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले खाण्याचे शिंपले, काढायला खडपात जातात. मागच्या खेपेला मी दुपारी बाराला, ओहोटी बघून, मोठ्या उत्साहानं निघाले तर त्यांनी ओसरीवरूनच थांबवलं. "आज अष्टमी. भांगाचं पाणी आहे, खडपं निम्मीच उघडी पडतील. अवसेला ये." तिथीची पाऊणपट केली की पुऱ्या भरतीची वेळ मिळते, हा हिशेब त्यांच्या तोंडावर असतो. अष्टमीला सहा, अमावस्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. अमावस्येला संध्याकाळी पाचला आम्ही उतरलो तेव्हा आठवड्यापूर्वी पाण्याखाली असलेला अख्खा पट्टा उघडा होता. काकींनी डाव्या हातानं शेवाळ बाजूला सारलं, लोखंडी टोच्यानं कालवाची वरची शिंप उडवली, आतला गर वाटीतल्या खाऱ्या पाण्यात टाकला आणि खालची शिंप खडकालाच चिकटलेली राहू दिली. मी विचारलं, ही का नाही काढायची? त्या म्हणाल्या, "तिच्यावरच तर नवीन बसतं." पुढच्या खडकावर कालवं अंगठ्याएवढी होती, तिथे त्यांनी हात लावला नाही. त्या कपारीत औंदा जायचं नाही, असं बायकांचं ठरलेलं होतं.

हा किनारा अस्पर्श कसा म्हणायचा? त्याला शतकानुशतकं हात लागले आहेत. तो शाबूत दिसतो, कारण त्या हातांना वेळ आणि माप ठाऊक होतं. 'अस्पर्श' म्हटलं की काकी त्या चित्रातून पुसल्या जातात. त्या पुसल्या गेल्या की जागा मालक नसलेली ठरते, आणि मालक नसलेल्या जागेचं काय करायचं हे मग बाहेरचा माणूस ठरवतो. तो निसर्गप्रेमी असला काय आणि ठेकेदार असला काय, गावाला त्यात विचारलं जात नाही.

आता समोरच्यांचे मुद्दे. ते कच्चे नाहीत. पहिला मुद्दा असा की पावलंसुद्धा नुकसान करतात. करतातच. कातळावरचं शेवाळ, खडकाला चिकटलेले बारीक शिंपले, खळग्यातली समुद्रफुलं बुटाखाली चिरडली जातात, आणि शंभर जणांनी एकाच जागी उभं राहून फोटो काढले तर ती जागा बोडकी होते. उत्तर आयर्लंडमध्ये जायंट्स कॉजवे म्हणून बेसॉल्टच्या, म्हणजे आपल्यासारख्याच लाव्हाच्या काळ्या दगडाच्या, सुमारे ४०,००० खांबांचा किनारा आहे, १९८६ पासून जागतिक वारसा. तिथे प्रवासी हौसेनं खांबांच्या फटींत नाणी खोचतात. नाणी गंजतात, फुगतात आणि दगडाचे टवके काढतात. २०२५ साली सांभाळणाऱ्या संस्थेला लोकांना हात जोडून सांगावं लागलं की नाणी घरी न्या. एका नाण्यानं काही होत नाही, हजारो नाण्यांनी होतं. हे सगळं मान्य. पण त्याच जागेची दुसरी बाजूही पाहा. तिथलं प्रवासी केंद्र खांबांपासून जवळपास किलोमीटरभर मागे आहे. तिकीट, चहा, स्वच्छतागृह सगळं तिथे, आणि पुढे उतार चालत जायचा किंवा त्यांच्या बसनं. पावलांची इजा मोजता येते, आवरता येते, एक हंगाम जागा बंद ठेवली तर बरीचशी भरूनही येते. खडकावर ओतलेला काँक्रीटचा ओटा कुठला हंगाम भरून काढणार आहे? त्याच्याखाली गेलेली कपार गेली ती गेलीच.

दुसरा मुद्दा गुपिताचा. एखाद्या घरट्याची, एखाद्या दुर्मीळ झाडाची जागा लपवणं योग्यच असतं, आणि मीही माझ्या आजोळच्या खडपांचं नाव इथे लिहिलेलं नाही. पण ते गुपित माझं नाही. ती जागा जगाला सांगायची की नाही हे काकींनी आणि त्यांच्या गावानं ठरवायचं आहे, म्हणून मी गप्प आहे. हरिहरेश्वरचं नाव मी मोकळेपणानं घेते, कारण ती जागा भाविकांसाठी केव्हाची खुली आहे. गुपितानं किनारा वाचतो या समजुतीला मात्र मुंबईचा इतिहास साक्ष देत नाही. मुंबई ही मुळात बेसॉल्टची बेटं. अठराव्या शतकाच्या अखेरीस वरळीजवळचं समुद्राचं खिंडार बांध घालून बंद केलं, आणि तिथून भरावाचं जे सत्र सुरू झालं ते आजतागायत चालू आहे. १८६० च्या दशकात दक्षिण मुंबईतल्या बॅकबे या उपसागराच्या भरावासाठी कंपनी निघाली. १८६५ मध्ये कापसाचा बाजार कोसळला तशी तीही बसली, पण भरावाची हाव बसली नाही. १९२० च्या दशकात सरकारनं तेच काम पुन्हा काढलं. या सगळ्या काळात त्या खडकांवर काय जगतं, हे भराव घालणाऱ्यांपैकी कुणी विचारलं? ज्यांना ते माहीत होतं त्या कोळ्यांचं म्हणणं नकाशा काढणाऱ्यांपर्यंत पोचत नव्हतं, आणि बाकी शहराला तिथे काळे दगड आणि वास एवढंच दिसत होतं.

यात पहिली फट पडली ती लोक खडकावर उतरायला लागले तेव्हा. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमातून सामान्य मुंबईकर ओहोटीला हाजी अली, गिरगाव, जुहूच्या किनाऱ्यावर फिरू लागले. ज्या शहरानं समुद्राकडे गटाराचं तोंड म्हणून पाहिलं, त्या शहरातल्या शाळकरी मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी समुद्रगोगलगायी, अष्टपाद आणि प्रवाळ पाहिले. सागरी किनारा रस्त्याचं काम आलं तेव्हा वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या १८ वसाहती २०२० साली उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. हा विजय होता असं मी म्हणणार नाही. रस्ता झाला, भराव झाला. पण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणून त्यांच्यासाठी परवानगी घ्यावी लागली. त्याच दगडावरच्या कालवांसाठी कुणाला काही विचारावं लागलं नाही. वरळीच्या कोळ्यांनी याच रस्त्याच्या पुलाखालून होड्या नेता याव्यात यासाठी दोन खांबांमधलं अंतर १६० मीटर हवं म्हणून लढा दिला आणि ६० मीटरवर अडून बसलेल्या यंत्रणेला अखेर १२० मीटरवर आणलं. त्यांना हे जमलं, कारण वारा कुठून येतो आणि लाटेत होडी कशी भरकटते हे ते रोज अनुभवत होते. कधी कुणी न पाहिलेल्या खडकाची बाजू कुठल्या सुनावणीत कोण मांडणार?

तिसरा मुद्दा सगळ्यात जड आहे, आणि तो पोटाचा आहे. गावात पोरं उरलेली नाहीत. बारावी झाली की मुंबई, नाहीतर पुणे. गणपतीला आणि शिमग्याला घरं उघडतात, एरवी ओसरीवर म्हातारी माणसं. त्यांना 'तुमचा किनारा जगासाठी जपा' असं सांगणं क्रूर आहे, आणि असं सांगणाऱ्यांचा मलाही राग येतो. पण पैसा गावात येतो कशातून, हे नीट बघायला हवं. सकाळी गाडी घेऊन थेट खडकापर्यंत येणारा, बरोबर आणलेलं खाऊन संध्याकाळी परत जाणारा माणूस गावाला काय देतो? कचरा, आणि फार तर वाहनतळाचे पैसे. तेही ठेका ज्याला मिळेल त्याला. रात्री मुक्काम करणारा, काकींच्या हातची कालवांची भाजी आणि भाकरी खाणारा, ओहोटीची वेळ विचारून सकाळी कुणाच्या तरी सोबतीनं खडपात जाणारा माणूस घराघरात पैसे देतो. हरिहरेश्वरच्या बागमांडल्याहून जेट्टीवर, म्हणजे फेरीबोटीवर, गाडी चढवायची, खाडीपलीकडे वेसवीला उतरायचं, की पुढे बाणकोटजवळ वेळास. तिथे एके काळी कासवांची अंडी उकरून खाल्ली आणि विकली जायची. २००२ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'नं गावाला सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली, आणि आता दर वर्षी पिल्लं समुद्रात जाताना पाहायला माणसं येतात, गावातल्या घरांत राहतात, तिथंच जेवतात. वाळूच्या किनाऱ्यावर जे जमलं ते कातळावर का जमू नये? फरक इतकाच की कासवाचं पिल्लू पाहून कुणाचंही मन विरघळतं, आणि कालवाकडे बघायला कुणीतरी शिकवावं लागतं. शिकवणाऱ्या काकी गावात आहेत. त्यांच्या त्या कामाला दाम मिळाला पाहिजे.

रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाची चर्चा मी लहान होते तेव्हापासून ऐकते. त्यातले खाड्यांवरचे पूल मला हवे आहेत. बाळंतपणासाठी खाडी ओलांडायला जेट्टीची वाट बघणं काय असतं, हे आमच्या घरानं भोगलं आहे. महामार्गाला सरसकट विरोध करणाऱ्यांबरोबर मी नाही. पण महामार्ग गावापर्यंत येणं वेगळं, आणि त्याचा फाटा खडपाच्या डोक्यावर नेऊन तिथे 'व्ह्यू पॉइंट' बांधणं वेगळं. पहिल्यानं माणसाची सोय होते. दुसऱ्यानं फक्त गाडीची.

पायऱ्या आणि सुरक्षिततेबद्दलही दोन शब्द. हरिहरेश्वरला पायऱ्या आहेत आणि त्या असायलाच हव्यात; काळभैरवाचं दर्शन घेऊन प्रदक्षिणेला निघालेल्या आजीला कातळावरून घसरू द्यायचं का? तरीही त्या वाटेवर लाटेनं माणसं ओढून नेल्याच्या घटना घडल्या आहेत. पायऱ्या होत्या, सूचना होत्या, तरी घडल्या. कारण भरतीच्या वेळी तो ओटा समुद्राचा असतो, आणि आपल्याला समुद्राची वेळ वाचता येत नाही. शहरातला माणूस सुट्टी रविवारची धरतो, तिथीची नाही. पौर्णिमेच्या उधाणाला भर दुपारी बारा वाजता पोचतो आणि पाणी अंगावर आलं की दचकतो. जीव वाचवायचे असतील तर दरवर्षी आणखी कठडे बांधण्यापेक्षा एक फळा लावा, त्यावर रोजची भरती-ओहोटीची वेळ लिहा, आणि वेळ झाली की वाट बंद करायचा अधिकार पगार देऊन गावातल्या माणसाला द्या. पावसाळ्यात खडपं पूर्ण बंद ठेवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत थांबायचे, हे कोकणाला नवं नाही. मासळीसाठी थांबता येतं, मग फिरायला येणाऱ्याला दोन महिने थांबवता येणार नाही?

गावानं ठरवायचं म्हटलं की लोक हसतात. गावात गटबाजी असते, सरपंच विकला जातो, असं म्हणतात. असतेही गटबाजी. पण दक्षिण कोरियात जेजू नावाचं ज्वालामुखीचं बेट आहे, २००७ पासून जागतिक वारसा यादीत. तिथे श्वास रोखून समुद्रात बुडी मारणाऱ्या, शंख-शिंपले काढणाऱ्या बायका, हेन्यो, गावोगावच्या मच्छीमार मंडळांतून ठरवतात की कुठल्या पाण्यात कुठल्या दिवसांत उतरायचं. २०१६ साली युनेस्कोनं त्यांच्या या परंपरेची स्वतंत्र नोंद केली. त्यातल्या बहुतेक जणी आता म्हाताऱ्या आहेत आणि मागे तरुण मुली फारशा येत नाहीत, हे दुखणं तिथेही आहे. तरी त्या काळ्या दगडावर कुणाचा हक्क आहे हे तिथे कुणाला विचारावं लागत नाही. आपल्याकडे काकींचा हक्क कुठल्याच कागदावर नाही.

कागदाचं महत्त्व मी कमी लेखत नाही. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ ची, सध्याची २०१९ ची. तिच्यात सर्वाधिक संरक्षणासाठी कांदळवनं, प्रवाळ, वाळूच्या टेकड्या, चिखलाट, कासवांच्या विणीच्या जागा अशी नावं घेऊन यादी दिली आहे. कातळी किनाऱ्याचं नाव त्या यादीत नाही. तो भरती-ओहोटीच्या पट्ट्यात मोडतो एवढीच त्याची ओळख, आणि त्या पट्ट्यात खांबांवरच्या रस्त्यांपासून बंदरापर्यंत बरंच काही परवानगीनं करता येतं. दुसरीकडे दोडामार्ग तालुक्यात बांबर्डेची रानजायफळाची दलदल आहे, देवराई म्हणून गावानं राखलेली. जेमतेम २.५९ हेक्टरचा तुकडा, पण २०२१ मध्ये राज्यानं त्याला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. म्हणजे २००२ च्या जैवविविधता कायद्यात लहान तुकड्याला, गावानं जपलेल्या तुकड्याला, जागा आहे. पाण्याखालच्या देवराईला ती का मिळू नये? काकींच्या मैत्रिणींनी औंदा बंद ठेवलेली कपार ही देवराईच आहे, फक्त तिच्यात देव बसवलेला नाही.

त्याच कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. अमावस्येच्या त्या संध्याकाळी परतताना मी काकींना खडकांची नावं विचारली. मला वाटलं होतं दोन-तीन असतील. त्यांनी चालता चालता अकरा सांगितली: बगळ्याचा, म्हातारी, दोन भावांचा, तुटका, आणखी सात, कुठल्यावर कालवं मोठी, कुठल्याच्या मागे खेकडे, कुठल्यावर पाणी वळताना क्षणभरही थांबायचं नाही. सरकारी नकाशात त्या जागी एक भरतीची रेषा आहे आणि पलीकडे निळा रंग. ती अकरा नावं मी वहीत उतरवून घेतली, काकींना वाचून दाखवली, त्यांनी दोन दुरुस्त केली. पुढच्या ग्रामसभेत त्या स्वतः उठून ती नोंदवहीत घालायला सांगणार आहेत, आणि त्यांच्यासोबत खडपात जाणाऱ्या आणखी चौघी.